आज शाळेत काय शिकलास?

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. शेतात पेरणीची धावपळ असते आणि त्याच दिवसांत सहा वर्षांचे मूल पहिलीच्या वर्गात पाऊल टाकते. संध्याकाळी घरोघर एकच प्रश्न विचारला जातो, "आज शाळेत काय शिकलास?" उत्तरही बहुधा एकच येते, "काही नाही." फार तर डबा कोणाचा सांडला आणि कोण रडले, एवढे कळते. मग आई दप्तर उघडते. वहीची चार पाने भरलेली दिसली की तिला बरे वाटते. कोरी दिसली की मनात शंका उभी राहते. आठवडाभर वही कोरी राहिली तर शेजारणीला शिकवणीचा पत्ता विचारला जातो.

मूल खोटे बोलत नसते. त्याने त्या दिवशी चिंचोके मोजले, गोष्ट ऐकली, मैत्रिणीच्या नावातले पहिले अक्षर आपल्याही नावात आहे हे ओळखले. पण हे सारे त्याच्या लेखी खेळणे असते. आपण काय शिकलो हे वेगळे काढून सांगणे सहा वर्षांच्या जिवाला जमत नाही. तो हिशेब मोठ्या माणसाने द्यायचा असतो.

एके काळी या हिशेबाची सोय आपोआप होती. पंतोजींची शाळा कोणाच्या तरी ओसरीवर नाहीतर देवळात भरे. मुले एका सुरात पाढे म्हणत आणि ते रस्त्यावर ऐकू येत. अक्षरओळखीच्या आरंभी 'ॐ नमः सिद्धम्' हे वंदन होई. बालमुखी त्याचे 'ओनामासीधं' झाले आणि मराठीत कोणत्याही आरंभाला 'ओनामा' म्हणण्याची रीत पडली. सिद्धांना केलेले हे वंदन जैन वाचकांना निराळे समजावून सांगायला नको. दिवेलागणीला परवचा होई. आजोबा जप करता करता ऐकत आणि सत्तावीस त्रिक चुकले की तिथेच थांबवत. ज्या आजीला अक्षर येत नसे, तिलाही नातवाची गाडी कुठे अडली हे कानांनी कळे. या व्यवस्थेत उणिवा पुष्कळ होत्या. मुलींना आणि बहुसंख्य समाजाला तिच्यात जागाच नव्हती, आणि समजुतीपेक्षा घोकंपट्टीला मान होता. पण पाठांतर ऐकू येते, त्यामुळे शाळेत काय चालले आहे हे घराला माहीत असे.

पुढे शिक्षण सुधारले आणि ते ऐकू येईनासे झाले. परवचा गेला, त्याच्या जागी घराला काय मिळाले? हा प्रश्न वर्धा जिल्ह्याने फार पूर्वी आणि फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या नेतृत्वाखाली एक समिती नेमली गेली. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, आर्यनायकम आणि आशादेवी असे सदस्य तिच्यात होते. डिसेंबरात तिचा अहवाल आला. त्यातील वेळापत्रक आजच्या पालकाने वाचले तर तोही दचकेल. शाळेच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगासाठी, मातृभाषेसाठी चाळीस मिनिटे, आणि संगीत, चित्रकला व गणित या तिघांना मिळून चाळीस मिनिटे! परंतु समितीचा विचार असा होता की गणित त्या उद्योगातच आहे. कापूस तोलून घ्यायचा, सूत तोलून द्यायचे, मधली तूट काढायची. तार मोजायचे, कालच्यापेक्षा आज किती वाढले ते पाहायचे. सात वर्षांच्या मुलाच्या हातात वजाबाकी प्रत्यक्ष येत होती.

घराला मात्र टकळी दिसली, तिच्यातली वजाबाकी दिसली नाही. सूतच कातायचे तर शाळा कशाला, हा आक्षेप पुढे देशभर बुनियादी शाळांच्या वाट्याला आला. आमच्या मुलांना पुस्तकी विद्येपासून दूर ठेवून साहेबांची मुले इंग्रजी शाळेत पाठवली जातात, ही पालकांची तक्रारही अगदीच निराधार नव्हती. बुनियादी शिक्षण मागे पडण्याची कारणे अनेक आहेत. शासनाची उदासीनता आणि शिक्षकांची अपुरी तयारी ही तर त्यांत आहेतच. तरी एक कारण साधे आहे: मूल जे शिकत होते ते शिकणेच आहे, हे पालकांना पटेल अशा रीतीने दाखवण्याचे काम बहुतेक ठिकाणी कोणी अंगावर घेतले नाही.

सेवाग्रामच्या कार्यकर्त्यांना याची जाण आली होती, असे म्हणायला जागा आहे. १९४५ साली नई तालीमची कल्पना विस्तारली आणि पूर्व-बुनियादी, बुनियादी, उत्तर-बुनियादी यांच्याबरोबर प्रौढांचे शिक्षणही तिचा भाग झाले. पूर्व-बुनियादीचे काम शांताबाई नारुलकर यांनी केले. लहान मुलाचे शिक्षण आईवडिलांना बरोबर घेतल्याविना होत नाही, हे त्या कामाचे गृहीतच होते. समितीच्या अहवालातही एक सूचना अशी आहे की तिच्या काळाच्या मानाने ती फार पुढची वाटावी. मुलांना वरच्या वर्गात घालण्याचा निर्णय शाळेतील शिक्षकांनी मुलांच्या कामाच्या काळजीपूर्वक ठेवलेल्या नोंदींवरून घ्यावा, असे तिने सुचवले होते.

सेवाग्रामच्या त्याच परिसरात २००५ पासून नई तालीम समितीची 'आनंद निकेतन' ही मराठी माध्यमाची शाळा चालते. शेती, स्वयंपाक, शिवण, कताई हे तेथे अभ्यासाचेच विषय आहेत. अशा शाळेत मूल घालणाऱ्या पालकांपुढे १९३७ सालचाच प्रश्न नव्याने उभा राहतो. हाताला माती लागली, त्यात शिकणे कोणते? वाफ्याची लांबी-रुंदी आणि दोन रोपांतले अंतर हे उत्तर शिक्षकाने घरापर्यंत पोहोचवले, तरच घर शाळेच्या बाजूने उभे राहते.

मात्र या प्रश्नासाठी सेवाग्रामलाच जावे लागत नाही. देवळी, आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूर, कोणत्याही तालुक्यातील साध्या शाळेच्या पहिलीच्या वर्गात तो आहे, कारण वाचायला शिकवण्याच्या रीतीच बदलल्या आहेत. आजच्या पालकांनी 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत अक्षरे गिरवली आणि नंतर बाराखडी घोकली. आता अनेक शाळांत थोडी अक्षरे आणि एखाददुसरे स्वरचिन्ह एकत्र शिकवतात. म, क, र आणि काना एवढे आले की मूल 'काम', 'मका', 'राम' वाचू शकते. शब्द वाचण्याचा आनंद त्याला बाराखडी संपेपर्यंत रोखून धरावा लागत नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी ही वाट रुजवली. पद्धत चांगली आहे, पण ती माहीत नसलेली आई ऑगस्टमध्ये विचारते, "याला अजून 'आ' 'ई' का येत नाही?" आणि घरी पाटी घेऊन पहिल्यापासून सुरू करते. मुलाला दोन घरचे दोन रस्ते मिळतात आणि ते दोन्हींकडे अडखळते.

दुसरी गफलत याच्या उलट आहे. बालभारतीचे पान उघडून त्यावर बोट फिरवत मूल कविता खडाखडा म्हणते. घर खूश होते. पुस्तक मिटून त्यातलाच एक शब्द वेगळ्या कागदावर लिहून दाखवला, तर मूल गप्प राहते. ते वाचत नव्हते, आठवत होते. जैन पाठशाळेत णमोकार मंत्र शुद्ध म्हणणारे चार वर्षांचे मूल सर्वांनी पाहिले आहे. त्याला तो मंत्र वाचता येतो असे कोणी समजत नाही. पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत मात्र हीच चूक हमखास होते. पाठ म्हणणे ही वाचनाआधीची मोलाची पायरी आहे, पण ती पायरी आहे हे शिक्षकाने सांगितले नाही तर पालकांना कळायला तिसरी उजाडते.

तिसरी गोष्ट वहीची. पहिलीतले मूल मनातले लिहू लागते तेव्हा 'माझी आई' याचे 'मझ आइ' होते. शिक्षिका त्यावर लाल रेघ ओढत नाही, कारण मुलाने ऐकलेला आवाज अक्षरात उतरवला आहे आणि तेच या वेळी हवे आहे. काना आणि दीर्घ पुढे येतील. घरी वही उघडणाऱ्या वडिलांना मात्र चूक दिसते आणि न तपासणारी बाई दिसते. वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळींची सूचना असती, तर एवढा गैरसमज वाचला असता.

वर्ग आणि घर यांच्यातील अंतर किती महाग पडते हे २०१९ च्या जूनमध्ये अवघ्या महाराष्ट्राने पाहिले. दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक', त्र्याण्णवबरोबर 'नव्वद तीन' असे वाचन दिले होते. मराठीत त्र्याण्णव म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि लिहिताना नऊ आधी येतो. लहान मुले इथे गोंधळतात, म्हणून हा पर्याय. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी ही कारणे शांतपणे समजावून दिली. रूढ वाचन काढून टाकलेले नाही, हेही सांगितले. पण तोवर भाषा बुडाल्याची ओरड आणि विनोद घरोघर पोहोचले होते. पर्याय योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात. वर्गात काय बदलले हे पालकांना शिक्षकाच्या आधी दूरदर्शन वाहिन्यांनी सांगितले, ही खरी उणीव होती.

कागदावर पाहू गेल्यास पालकांचे स्थान आज भक्कम आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले. मूल्यमापन सातत्याने आणि सर्व अंगांनी व्हावे हेही त्याच कायद्यात आहे. महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने ते अमलात आणले. पहिली-दुसरीत सत्तर टक्के भार वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाला आणि तीस टक्के सत्राच्या अखेरच्या चाचणीला मिळाला. शिक्षकाने प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या होत्या. झाकीर हुसेन समितीची सूचना सत्तर-बहात्तर वर्षांनी नियम होऊन आली.

पण नोंदींचे पुढे काय झाले? बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, मोबाइलवर याद्या फिरू लागल्या. 'आत्मविश्वासाने बोलतो', 'वाचनात प्रगती समाधानकारक', 'अक्षर सुधारण्यास वाव आहे'. एकाच वर्गातील दहा प्रगतिपुस्तके शेजारी ठेवली तर नावे झाकल्यावर कोणते कोणाचे ते ओळखू येऊ नये! शिक्षकांवर माहिती भरण्याचा बोजा किती आहे हे ठाऊक असलेल्या कोणालाही त्यांना सरसकट दोष देववणार नाही. तरी या वाक्यांतून आईला काहीच कळत नाही हे खरे. त्याऐवजी अशी नोंद वाचावी: 'जुलैत फक्त स्वतःचे नाव ओळखत होती. आता काना असलेले दोन अक्षरी शब्द आपल्या आपण वाचते. ब आणि व यांत गोंधळ होतो. वीसपर्यंत वस्तू मोजते, पण मोजून झाल्यावर "एकूण किती?" विचारले की पुन्हा एकपासून सुरू करते.' चार वाक्ये आहेत. ही वाचून आई त्याच संध्याकाळी काय करायचे ते ठरवू शकते. व्यापारी घरातल्या माणसाला तर हे लगेच पटेल. वर्षाचा ताळेबंद कितीही देखणा असो, दुकान चालते ते रोजमेळावर.

मोजण्याचे हे उदाहरण थोडे उलगडून सांगायला हवे, कारण पहिलीच्या गणिताचा गाभा त्यात आहे. मूल 'एक, दोन, तीन' असे शंभरपर्यंत म्हणते तेव्हा घराला अभिमान वाटतो. पण शेवटचा उच्चारलेला आकडा म्हणजे त्या ढिगातल्या सगळ्या वस्तूंची संख्या, ही जाण वेगळी असते आणि ती यायला वेळ लागतो. ती आली नसताना बेरजेची उदाहरणे वहीभर सोडवून घेतली, तर मूल बोटे मोजून उत्तर आणते आणि गणिताला घाबरू लागते. घरी परीक्षा सोपी आहे. सात शेंगा पुढे ठेवाव्यात, मोजायला सांगावे, आणि लगेच विचारावे, "किती आहेत?"

ज्या आईला प्रगतिपुस्तक वाचता येत नाही तिचे काय? या जिल्ह्यात हा प्रश्न टाळता येत नाही. २०२२ पासून राज्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचे अभियान 'प्रथम' संस्थेच्या सहकार्याने राबवले गेले. पहिलीत येणाऱ्या मुलांचा शाळेत मेळावा भरतो. भाषा, मोजणी, शारीरिक हालचाली, मिळून वागणे अशा निरनिराळ्या टेबलांवर मूल छोट्या कृती करते आणि आई शेजारी उभी राहून पाहते. शेवटी तिच्या हाती विकास पत्र दिले जाते आणि वस्तीतील मातांचे गट करून घरी करायच्या कृती सांगितल्या जातात. या योजनेची अंमलबजावणी गावागणिक कमी-जास्त आहे. तिच्यातली कल्पना मात्र अस्सल आहे: आपले मूल चित्र पाहून गोष्ट सांगते की नाही, हे पाहायला आईला अक्षर यावे लागत नाही. परवचात हीच सोय होती.

मेळावा वर्षाच्या आरंभी होतो. पुढे दहा महिने उरतात. सोयाबीन निघते, मग कापूस वेचणी सुरू होते. पालकसभा अकरा वाजता ठेवली तर वेचणीला जाणाऱ्या आईला त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. ती आली नाही की 'पालक उदासीन आहेत' अशी नोंद होते. वेचलेल्या कापसाचे किलोवर पैसे मोजून घेणाऱ्या बाईला हिशेब कळत नाही, असे समजण्यासारखी दुसरी चूक नाही. तिला आपल्या मुलाचा हिशेब कळेल अशा भाषेत आणि तिला सवड असेल अशा वेळी सांगावा लागतो. पालकांचे व्हॉट्सॲप गट आता गावोगाव आहेत. त्यांवर प्रजासत्ताक दिनाची छायाचित्रे येतात, सूचना येतात, शिकण्याविषयी क्वचितच काही येते. शिवाय फोन बहुधा वडिलांच्या खिशात असतो. शिक्षिकेने आपल्या आवाजात अर्ध्या मिनिटाचा निरोप पाठवला, 'या आठवड्यात आम्ही स आणि ब ही अक्षरे घेतली आहेत', तर रात्री घरात तो सगळ्यांना ऐकू जातो.

निरोपाची वाट दुहेरी हवी. मूल वर्गात बोलत नाही असे शिक्षिकेला वाटते आणि घरी ते वऱ्हाडी बोलीत दिवसभर बडबडत असते. 'पोट्टे', 'सांजच्याला' हे त्याचे शब्द वर्गात चालतील की नाही याची त्याला धास्ती असते. किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी बसणारे मूल सुटे पैसे बिनचूक परत देते आणि वर्गात त्याला वजाबाकी येत नाही. हे शिक्षिकेला सांगणार कोण? घरच सांगू शकते.

वर्धा, पुलगाव, हिंगणघाटच्या अनेक जैन कुटुंबांची मुले खासगी इंग्रजी शाळांत जातात. तेथे डायरी असते, ॲप असते, ठरलेल्या शनिवारी पाच मिनिटांची भेट असते. माहितीचा सुकाळ दिसतो. पण आई मराठी किंवा हिंदी माध्यमात शिकलेली असते. इंग्रजी अक्षरांचे आवाज आधी आणि नावे नंतर का, हे तिला कोणी सांगितलेले नसते. मग पहिलीतच शिकवणी लागते. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ सक्तीचा केला तो महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने. त्यामुळे संघाच्या कार्यकारी समितीपुढे मुख्य विषय शुल्काचा असतो. मुले वाचायला कशी शिकतात, हा विषय पालकांनी मागितला तर शाळेला नाकारता येणार नाही. मागितला मात्र पाहिजे. पाच मिनिटांच्या भेटीत "कसा आहे अभ्यासात?" असे विचारले की "छान आहे, थोडे लक्ष द्या" एवढेच उत्तर मिळते. "त्याला माझ्यासमोर एक न वाचलेले पान वाचायला द्याल का?" असे विचारले, तर ती पाच मिनिटे पुरतात.

शिक्षिकेचा तो अर्ध्या मिनिटाचा निरोप ज्या घरी रात्री ऐकला गेला, तेथे दुसऱ्या संध्याकाळचा प्रश्न बदलतो. "आज शाळेत काय शिकलास?" ऐवजी आई विचारते, "आपल्या घरात 'स' कुठे कुठे आहे रे?" मूल उठते. दिनदर्शिकेवर 'सप्टेंबर' सापडतो, साबणाच्या वेष्टनावर एक मिळतो. मग ते पडवीत धावते आणि बियाण्याच्या रिकाम्या पिशवीवर बोट ठेवून ओरडते, "सोयाबीन! यात 'ब' पण आहे."